वारंवार पडणे आणि औषधांची साखळी: पार्किन्सनच्या एका रुग्णाचा प्रकरण अभ्यास

रुग्णाची ओळख पटेल असे सर्व तपशील या लेखातून वगळले आहेत. औषधांत केलेले बदल केवळ या रुग्णापुरते आणि त्यांच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली झालेले आहेत. पार्किन्सनची औषधे स्वतःहून अचानक बंद करणे धोक्याचे असते, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

पार्श्वभूमी

ग्रंथालयातील नोकरीतून निवृत्त झालेले, साठीच्या उत्तरार्धातील एक गृहस्थ पुनर्वसन विभागात आले तेव्हा त्यांच्या पार्किन्सनच्या निदानाला आठ वर्षे होऊन गेली होती. आजाराची सुरुवात उजव्या हाताच्या कंपाने झाली होती आणि पहिली पाच-सहा वर्षे औषधांवर बरी गेली होती. मागील सहा महिन्यांत मात्र ते वारंवार पडू लागले. अशाच एका पडण्यात डाव्या मनगटाचे हाड मोडले आणि प्लास्टर निघाल्यावर न्यूरोलॉजिस्टने त्यांना आमच्याकडे पाठवले. सोबतच्या चिठ्ठीत दोनच गोष्टी होत्या: तोल सुधारण्यासाठी व्यायाम शिकवावेत, आणि लिव्होडोपाची (मेंदूतील डोपामिन या रसायनाची उणीव भरून काढणाऱ्या, पार्किन्सनवरील मुख्य औषधाची) मात्रा वाढवण्याचा विचार चालू असल्याने त्याबाबत मत कळवावे.

त्यांची औषधे वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या डॉक्टरांनी सुरू केलेली होती. उच्च रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन जवळजवळ वीस वर्षांपासून चालू होते. कंपासाठी निदानाच्या सुमारास सुरू झालेले ट्रायहेक्सिफेनिडिल तसेच चालू राहिले होते. लिव्होडोपा-कार्बिडोपा दिवसातून तीन वेळा घेतले जात होते. शेवटची भर टॅमसुलोसिनची होती. लघवी सुरू व्हायला वेळ लागतो आणि रात्री अनेकदा उठावे लागते, या तक्रारीवर प्रोस्टेटसाठी ते सात-आठ महिन्यांपूर्वी सुरू झाले होते. प्रत्येक औषध त्या त्या वेळी सयुक्तिक कारणासाठी दिलेले होते. चारही औषधांची यादी एका कागदावर एकत्र मात्र कुणाकडेच नव्हती. ती पहिल्या भेटीत त्यांच्या मुलीने पाकिटे टेबलावर मांडली तेव्हा तयार झाली.

समस्या

कुटुंबाचे म्हणणे स्पष्ट होते: आजार वाढला आहे, औषध कमी पडते आहे, म्हणून पाय चिकटतात आणि म्हणून तोल जातो. हे म्हणणे टाकाऊ नव्हते. आठ वर्षांनंतर लिव्होडोपाच्या एका मात्रेचा परिणाम पुढच्या मात्रेपर्यंत टिकेनासा होणे हा या आजाराचा नेहमीचा क्रम आहे आणि परिणाम ओसरलेल्या त्या ‘ऑफ’ काळात पाय जमिनीला खिळून राहण्याचा त्रास बळावतो. असा त्रास मात्रा किंवा वेळा बदलून बऱ्याच अंशी कमी करता येतो.

अडचण अशी की लिव्होडोपा रक्तदाबही खाली आणते, आणि तोल ढळल्यावर झटकन पाऊल टाकून स्वतःला सावरण्याची जी क्षमता असते ती या औषधाने फारशी सुधारत नाही. म्हणजे मात्रा वाढवून एका प्रकारचे पडणे कमी होईल, दुसऱ्या प्रकारचे वाढेल आणि तिसरे जिथल्या तिथे राहील, अशी पूर्ण शक्यता होती. रुग्ण नेमके कोणत्या प्रकाराने पडतात हे कळल्याशिवाय चिठ्ठीतल्या प्रश्नाला उत्तर देणे योग्य नव्हते. पूर्वीच्या एका तपासणीत बर्ग बॅलन्स स्केलवर त्यांना ५६ पैकी ४६ गुण मिळाले होते आणि त्यावरून ‘तोल समाधानकारक’ असा शेरा फाइलमध्ये पडला होता. या शेऱ्याने पडण्यांचा शोध काही काळ लांबला असावा. बर्ग स्केलमध्ये बसणे, उठणे, उभे राहणे, वाकणे, वळणे यांची चाचणी होते, पण बाहेरून धक्का बसल्यावर माणूस कसा सावरतो हे त्यात तपासले जात नाही, आणि चालही मोजली जात नाही. पार्किन्सनचा रुग्ण नेमका तिथेच कमी पडतो.

पडण्यांची उजळणी

कधी, कुठे आणि काय करताना पडलात, असे विचारल्यावर रुग्णाचे उत्तर एकच होते: ‘चालता चालता पडतो.’ पत्नीला तीन-चार प्रसंग नीट आठवत होते. उपयोगी पडली ती मुलीची एक सवय. वडील पडले की ती भावाला फोनवर लगेच संदेश पाठवत असे. ते संदेश मागे मागे जात वाचले तेव्हा बारा पडण्यांची तारीख आणि वेळ मिळाली. शेजारी औषधाच्या वेळा लिहिल्या आणि प्रत्येक प्रसंगाबद्दल तिघांनाही तेच प्रश्न विचारले: पडण्याच्या क्षणभर आधी काय चालले होते, हातात काय होते, कोणत्या दिशेला पडले, आणि पडण्याआधी काही जाणवले का.

बारा प्रसंगांचे तीन गट पडले. पाच वेळा ते रात्री किंवा पहाटे अंथरुणातून उठून काही पावले गेल्यावर किंवा न्हाणीघरातून परतताना पडले होते. त्या वेळी गुडघे मऊ पडून ते खाली बसल्यासारखे कोसळले होते, आणि दोनदा डोळ्यांपुढे अंधारी आल्याचे त्यांना आठवत होते. चार वेळा पुढची मात्रा घेण्याच्या सुमारास, दाराच्या चौकटीत किंवा अरुंद जागेत वळताना, पाय जागीच राहून धड पुढे गेले होते. मनगट मोडले ते याच प्रकारात. उरलेले तीन प्रसंग वेगळे होते. औषधाचा परिणाम उत्तम असताना, कुणाशी बोलत किंवा हातात वस्तू घेऊन वळताना ते मागे किंवा बाजूला पडले होते.

तपासणीत काय दिसले

पाच मिनिटे आडवे झोपवून घेतलेला रक्तदाब १४८/८४ होता. उभे राहिल्यावर तिसऱ्या मिनिटाला तो ११२/७० झाला, तर नाडी ७२ वरून फक्त ८० वर गेली. उभे राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब किमान २० किंवा खालचा किमान १० ने उतरला तर त्यास स्थितिजन्य रक्तदाब-घट म्हणतात. इथे घट ३६ ची होती. रक्तदाब इतका उतरूनही नाडी जेमतेम वाढते तेव्हा रक्तवाहिन्या आणि हृदय यांवर नियंत्रण ठेवणारी स्वायत्त चेतासंस्थाच मंदावल्याचा संशय येतो. पार्किन्सनमध्ये हे वारंवार आढळते. लिव्होडोपा घेतल्यानंतर तासाभराने हीच चाचणी पुन्हा केली असता घट आणखी वाढलेली दिसली. बसवून घेतलेला रक्तदाब मात्र दर भेटीत जवळपास सामान्य येत असल्याने ही गोष्ट आजवर कुणाच्या नजरेस आली नव्हती.

मिनी-बेस्टेस्ट या तोलाच्या चाचणीत, औषधाचा परिणाम चांगला असतानाही, २८ पैकी १४ गुण मिळाले. गुणांच्या बेरजेपेक्षा ते कुठे गेले हे अधिक बोलके होते. तपासणाऱ्याच्या हातांवर रेलायला सांगून आधार अचानक काढून घेतल्यावर पाऊल टाकून सावरण्याच्या भागात ६ पैकी एकच गुण मिळाला. मागच्या बाजूला तर पाऊल निघालेच नाही, लाकडी ओंडक्यासारखे ते तसेच मागे आले आणि त्यांना धरावे लागले. खुर्चीतून उठून, तीन मीटर चालून, वळून परत बसायला त्यांना १४ सेकंद लागत. तीन-तीनने उलटे आकडे मोजत तेच करायला सांगितले तेव्हा २३ सेकंद लागले आणि वळताना ते मोजायचे थांबले. चालताना बोलणे सुरू झाले की थांबणाऱ्या वृद्धांमध्ये पडण्याचे प्रमाण अधिक असते, असे निरीक्षण स्वीडनमधील संशोधकांनी १९९७ मध्ये नोंदवले होते. आमच्या रुग्णाचे उलटे होते: ते चालणे थांबवत नव्हते, आणि धोका त्यातच होता.

स्मरण, लक्ष आणि नियोजन तपासणाऱ्या मोका चाचणीत ३० पैकी २१ गुण आले. चूक मुख्यतः आकृती काढणे आणि लक्ष एका गोष्टीवरून दुसरीकडे नेणे यांत होती. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ च्या आपल्या निबंधात या रुग्णांची बुद्धी शाबूत राहते असे लिहिले होते. आज ते विधान तसेच्या तसे टिकत नाही, तरीही तोलाच्या तक्रारीसाठी आलेल्या रुग्णाचे लक्ष आणि नियोजन तपासण्याची गरज अनेकांना वाटत नाही. डोक्याची स्थिती बदलून केलेल्या चक्करेच्या चाचण्यांत काही आढळले नाही. पायांतील संवेदना आणि बी-१२ जीवनसत्त्वाची पातळी ठीक होती.

या सगळ्यानंतर टेबलावरच्या चार पाकिटांमधला संबंध दिसू लागला. ट्रायहेक्सिफेनिडिल अ‍ॅसिटिलकोलिन या चेतापेशींमधील संदेशवाहक रसायनाचे कार्य दाबते. त्यामुळे मूत्राशयाचे आकुंचन मंदावते आणि प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषाला लघवी सुरू करणे अवघड जाते. त्या तक्रारीवर दिलेले टॅमसुलोसिन उभे राहिल्यावर रक्तदाब उतरवू शकते. रात्री वारंवार उठावे लागण्यामागेही एकटा प्रोस्टेट नसावा. स्वायत्त चेतासंस्था मंदावलेल्या रुग्णाचा रक्तदाब आडवे झाल्यावर चढा राहतो, त्यामुळे मूत्रपिंडे रात्री जास्त मीठ आणि पाणी बाहेर टाकतात, आणि पहाटेपर्यंत शरीरातील पाणी घटून उभे राहताच रक्तदाब आणखी कोसळतो. एका औषधाच्या दुष्परिणामावर दुसरे औषध दिले गेले होते, दुसऱ्याच्या दुष्परिणामाने रुग्ण पडत होते, आणि आता त्या पडण्यावर तिसऱ्याची मात्रा वाढवण्याचा प्रस्ताव होता.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय लिव्होडोपाची प्रत्येक मात्रा वाढवण्याचा. दुसऱ्या गटातील चार पडण्यांसाठी तो उपयोगी ठरला असता, पण रक्तदाबाचे आकडे पाहता पहिल्या गटातील पडणी वाढण्याची भीती होती. दुसरा पर्याय एका वेळची मात्रा थोडी कमी करून ती दिवसातून अधिक वेळा देण्याचा. यात ‘ऑफ’ काळ भरून निघतो आणि प्रत्येक मात्रेनंतर येणारी रक्तदाबाची घसरण सौम्य राहते. मात्र वेळापत्रक काटेकोर पाळावे लागते.

तिसरा पर्याय औषधे कमी करण्याचा. यामागे एक सैद्धांतिक आधारही होता. निकोलस बोनेन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मेंदूच्या प्रतिमांवरून दाखवले की पडणाऱ्या आणि न पडणाऱ्या पार्किन्सन रुग्णांमध्ये फरक दिसतो तो अ‍ॅसिटिलकोलिनवर चालणाऱ्या यंत्रणेत. डोपामिनच्या ऱ्हासाच्या बाबतीत दोन्ही गट जवळपास सारखेच होते. ज्या रसायनाच्या अभावाशी पडण्याचा संबंध दिसतो तेच आणखी दाबणारे औषध या रुग्णाला आठ वर्षे मिळत होते. याच तर्काने चौथा पर्याय, म्हणजे अ‍ॅसिटिलकोलिन वाढवणारे रिव्हास्टिग्मिन देणे, हाही चर्चेत आला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, १३० रुग्णांवरील ब्रिटिश चाचणीत त्याने चालीतील अनियमितता आणि पडणी कमी झाल्याचे दिसले होते. परंतु एका हाताने यंत्रणा दाबणारे आणि दुसऱ्या हाताने उचलणारे औषध एकाच वेळी देण्यात अर्थ नव्हता. आधी ट्रायहेक्सिफेनिडिल जावे, मग गरज उरल्यास याचा विचार व्हावा, असे ठरले. मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल मुलीने विचारले होते. जो तोल लिव्होडोपाच्या उत्तम परिणामातही सुधारत नाही तो त्या शस्त्रक्रियेनेही सहसा सुधारत नाही, आणि विचारक्षमतेतील घट पाहता धोकाही अधिक होता; त्यामुळे तो विषय तिथेच संपला.

व्यायामाबद्दलचा निर्णय वाटतो तितका सोपा नव्हता. पार्किन्सनमध्ये व्यायामाने पडणी कमी होतात याला आधार आहे. २०१२ मध्ये १९५ रुग्णांवर झालेल्या अमेरिकन चाचणीत ताई-ची करणारे रुग्ण केवळ स्नायू ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा कमी पडले होते. पण २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २३१ रुग्णांवरील ऑस्ट्रेलियन चाचणीत बहुतांशी घरी करायचे व्यायाम दिले गेले तेव्हा आजार सौम्य असलेल्यांची पडणी घटली, तर आजार पुढे गेलेल्यांमध्ये ती वाढण्याकडे कल दिसला. आमचे रुग्ण दुसऱ्या गटात मोडत होते. व्यायामांचा कागद हातात देऊन घरी पाठवणे हा मार्ग त्यामुळे वगळला. तोलाला आव्हान देणारा सराव फक्त विभागात, छताला अडकवलेल्या सुरक्षापट्ट्यात होईल आणि घरी केवळ युक्त्या आणि बसून करायचे व्यायाम राहतील, अशी विभागणी ठरली.

केलेली कृती

सगळे बदल एकदम करायचे की एकामागून एक, यावर न्यूरोलॉजिस्ट, फिजिशियन आणि आमचा चमू यांच्यात मतभेद होता. एकदम केले तर रुग्ण लवकर सुरक्षित होईल, पण कशाने काय झाले हे कळणार नाही, आणि काही बिघडले तर मागे कुठे जायचे हेही उमजणार नाही. शेवटी रक्तदाबाचा भाग आधी आणि तातडीने, आणि बाकीचे क्रमाने, असे ठरले. पहिल्या गटातील पडणी संख्येने सर्वाधिक होती आणि त्यांवरचा उपाय काही दिवसांत परिणाम दाखवणारा होता, हे त्यामागचे कारण.

फिजिशियनने अ‍ॅम्लोडिपिन टप्प्याने बंद केले. पलंगाची डोक्याकडची बाजू उंच केली, दिवसा पाणी वाढवले, उठण्यापूर्वी दोन पेले पाणी पटकन पिण्यास सांगितले. पलंगाच्या कडेला बसून पायांच्या टाचा-चवडे हलवायचे, मग उभे राहून हाताने आधार धरून थांबायचे, आणि डोके हलके वाटत नसेल तरच पहिले पाऊल टाकायचे, हा क्रम पाठ करून घेतला. रात्रीची लघवी बसून करण्याबद्दल ते आधी नाखूश होते. पहिल्या गटातील पाच पडण्यांतील दोन नेमकी उभ्याने लघवी करून परततानाची आहेत हे कागदावर दाखवल्यावर त्यांनी मान्य केले. टॅमसुलोसिन मात्र लगेच काढले नाही. ट्रायहेक्सिफेनिडिल चालू असताना ते बंद केले असते तर लघवी पूर्ण अडण्याचा धोका होता. साखळी ज्या कडीपासून सुरू झाली त्या कडीपासूनच ती सोडवावी लागणार होती.

ट्रायहेक्सिफेनिडिल हळूहळू कमी करायला सुरुवात झाली आणि मात्रा निम्म्यावर आल्यावर उजव्या हाताचा कंप उसळला. रुग्णाने ते औषध पूर्ववत करण्याची मागणी केली. त्यांचे शब्द होते: ‘पडतो ते घरात, कुणाला दिसत नाही. हात थरथरतो तो चारचौघांत.’ आमच्या दृष्टीने पडणे हीच मुख्य समस्या होती. त्यांच्या दृष्टीने ती दुसऱ्या क्रमांकाची होती. त्यांची मागणी अज्ञानातून आली आहे असे मानून समजूत घालत राहणे सोपे होते, परंतु लोकांत जाणे टाळू लागलेल्या माणसाचे चालणे आपोआप घटते आणि चालणे घटले की तोलही ढासळतो, हा विचारही वजनदार होता. मध्यम मार्ग असा काढला की मात्रा निम्म्यावरच थांबवायची, त्या काळात लिव्होडोपा तीनऐवजी पाच वेळा करायचे आणि कंपावर त्याचा काय परिणाम होतो ते पाहून पुढचा निर्णय रुग्णाने घ्यायचा. काही आठवड्यांत कंप बराच सुसह्य झाला. त्यानंतर उरलेली निम्मी मात्रा कमी करायला त्यांनी स्वतः होकार दिला. ते औषध पूर्ण सुटल्यावर लघवीची तक्रार सौम्य झाली आणि मूत्ररोगतज्ज्ञांनी टॅमसुलोसिनही थांबवले.

पाय चिकटण्यावर काम घरातच केले, कारण विभागाच्या रुंद, मोकळ्या खोलीत त्यांचे पाय कधी चिकटतच नसत. न्हाणीघराच्या दारात ते अडकले की पत्नी समोर उभी राहून त्यांचे दोन्ही हात धरून ओढत असे. पाहणीच्या दिवशी हे प्रत्यक्ष दिसले: हात पुढे, पाठीला बाक, टाचा उचललेल्या, पायाचे अंगठे जमिनीत रुतल्यासारखे, आणि दर ओढीसरशी धड आणखी पुढे. मनगट मोडले तेव्हा अगदी असेच घडले होते. पत्नीला हात सोडून बाजूला उभे राहायला आणि आपले पाऊल त्यांच्या पावलांपुढे आडवे ठेवायला सांगितले. ते पाऊल ओलांडायला म्हणून त्यांनी पाय उचलला आणि पुढे चार पावले विनासायास गेली. जमिनीवरच्या आडव्या रेषा ओलांडताना अशा रुग्णांची चाल मोकळी होते, हे ब्रिटिश न्यूरोलॉजिस्ट जेम्स पर्डन मार्टिन यांनी १९६७ मध्येच दाखवले होते. आपोआप चालणारी यंत्रणा अडली तरी डोळ्यांसमोरच्या खुणेला उद्देशून केलेली हालचाल वेगळ्या मार्गाने घडू शकते, असा याचा अर्थ लावला जातो. दाराशी आणि स्वयंपाकघराच्या वळणावर आडव्या रंगीत चिकटपट्ट्या लावल्या. जिथे पट्टी नाही तिथे आधी पूर्ण थांबायचे, वजन एका पायावरून दुसऱ्यावर डोलवायचे आणि मग मोठे पाऊल टाकायचे, हे शिकवले. जागीच गर्रकन वळण्याऐवजी कमानीसारखा मोठा वळसा घेण्याची सवय लावायला सर्वांत जास्त वेळ लागला.

नातेवाइकांनी आणलेला उचलून ठेवायचा चौपायी वॉकर परत करायला सांगितला. तो उचलण्यासाठी दर पावलाला थांबावे लागते आणि त्या थांबण्यातच पाय चिकटतात. त्याऐवजी, मूठ दाबल्याशिवाय चाके फिरत नाहीत असा ब्रेकचा चाकांचा वॉकर बाहेरच्या फिरण्यासाठी सुचवला. तो त्यांनी मनापासून कधीच स्वीकारला नाही.

विभागात आठवड्यातून तीनदा सुरक्षापट्टा लावून मागे आणि बाजूला पाऊल टाकण्याचा सराव, अनपेक्षित हलके धक्के, आणि अडथळे ओलांडत चालणे सुरू होते. चालताना दुसरे काम टाळायला शिकवायचे की तेच काम सरावात आणायचे, हा जुना वाद आहे. बेल्जियम आणि नेदरलँड्समधील संशोधकांच्या २०१७ च्या चाचणीत दुहेरी कामांचा सराव केल्याने पडण्याचा धोका वाढला नाही आणि दुहेरी कामातील चालीचा वेग सुधारला. मोकाचे गुण लक्षात घेऊन आम्ही दोन्ही केले: विभागात देखरेखीखाली सराव, आणि घरात मात्र कटाक्षाने टाळणे. हातात वस्तू धरण्याऐवजी खांद्याची पिशवी, आणि कुणी बोलू लागले तर आधी थांबणे.

मध्येच वाढलेली पडणी

पहिल्या दोन महिन्यांत पहाटेची पडणी थांबली. तिसऱ्या महिन्याच्या नोंदीत मात्र तिसऱ्या प्रकारची पडणी, म्हणजे बोलताना किंवा वळताना मागे पडणे, आधीपेक्षा वाढलेली दिसली. घरच्यांनी बाहेर फिरायला जाणे बंद करावे का असे विचारले, आणि विभागातही सराव थोपवावा असे एक मत पुढे आले.

नोंदवही नीट वाचल्यावर चित्र वेगळे निघाले. ते आता रोज बाहेर पडत होते, जुन्या सहकाऱ्यांना भेटत होते, उभ्याने गप्पा मारत होते. पूर्वी ज्या प्रसंगी ते बसूनच असत त्या प्रसंगी आता उभे होते. पडण्याची संधीच वाढली होती, आणि चाललेल्या वेळाच्या मानाने पाहता पडण्याचे प्रमाण वाढले होते असे म्हणता येत नव्हते. तरीही पडणे ते पडणेच, आणि हाड मोडले असते तर हा हिशेब कुणाच्या कामी आला नसता. फिरणे बंद न करता ते औषध घेतल्यानंतरच्या चांगल्या तासात ठेवायचे, सोबत कुणीतरी असायचे, आणि गप्पा बसून किंवा भिंतीला पाठ टेकून मारायच्या, असा निर्णय झाला. पत्नीचा याला शेवटपर्यंत अर्धाच होकार होता, आणि रोजची जोखीम तिच्या डोळ्यांसमोर होती हे पाहता तिचे म्हणणे गैर नव्हते.

परिणाम

सहा महिन्यांनी उभ्याने तिसऱ्या मिनिटाची रक्तदाब-घट १६ वर आली होती आणि पहिल्या प्रकारचे पडणे पुन्हा झाले नव्हते. आडव्या स्थितीतील रक्तदाब थोडा चढा राहिला. रक्तवाहिन्या आकसवणारे औषध दिले असते तर तो आणखी चढला असता, म्हणून फिजिशियनने ते राखून ठेवले. दाराशी पाय चिकटणे सुरू होते, पण त्यातून पडणे एकदाच झाले, आणि तेही पाहुण्यांच्या घरी, जिथे पट्ट्या नव्हत्या. मागे पडणे कमी झाले, थांबले नाही.

मिनी-बेस्टेस्टचे गुण १४ वरून १८ झाले. अशा चाचणीत दोन वेळच्या मोजणीत काही गुणांचा फरक सहज पडतो, त्यामुळे या चार गुणांवर फार भिस्त ठेवता येत नाही. धक्का बसल्यावर मागे एक पाऊल आता निघत होते, त्यानंतर मात्र धरावे लागत होते. मोका चाचणीत दोन गुणांची वाढ दिसली. ट्रायहेक्सिफेनिडिल सुटल्याचा तो परिणाम असू शकतो, चाचणी दुसऱ्यांदा दिल्याचाही असू शकतो. रिव्हास्टिग्मिन नंतर सुरू करून पाहिले, पण मळमळीमुळे काही आठवड्यांत थांबवावे लागले.

निर्णयाचे टप्पे पुन्हा पाहताना

उभ्याने रक्तदाब मोजणे हा या प्रकरणातील सर्वांत स्वस्त आणि सर्वाधिक फळ देणारा भाग होता, आणि तो पहिले पडणे झाले तेव्हाच, पुनर्वसन विभागाची वाट न पाहता, कुठल्याही दवाखान्यात होऊ शकला असता. टॅमसुलोसिन लिहिताना पार्किन्सनचा रुग्ण आणि ट्रायहेक्सिफेनिडिल या दोन गोष्टी शेजारी दिसल्या असत्या तर कदाचित मनगटही वाचले असते. तसे न घडण्याचे कारण कुणा एका डॉक्टरची हयगय म्हणता येत नाही. प्रत्येकाने आपापल्या तक्रारीचा विचार केला होता आणि एकत्र यादी तयार ठेवण्याचे काम कुणाचेच नव्हते.

बदल क्रमाने करण्याचा निर्णय आजही पटतो, पण तो क्रम अधिक घट्ट करता आला असता. कंप उसळण्याची शक्यता आधीच माहीत होती. लिव्होडोपाच्या पाच वेळा आधी बसवून मग ट्रायहेक्सिफेनिडिल कमी केले असते, तर रुग्णाला ते मधले आठवडे सोसावे लागले नसते आणि औषध सोडण्याचा प्रयत्न तिथेच फसण्याचा धोकाही टळला असता. त्यांना सर्वाधिक काय सलते हा प्रश्नही पहिल्याच भेटीत विचारायला हवा होता. तो विचारला गेला तेव्हा निम्मी मात्रा आधीच गेली होती.

पाहुण्यांच्या घरातील पडण्याने युक्त्यांची मर्यादा उघडी पाडली. घरातील चिकटपट्ट्यांवर चाल बेतली की पट्टी नसलेल्या जागी रुग्ण पुन्हा अडकतो. वजन डोलवण्याची युक्ती कुठेही नेता येते, म्हणून सरावाचा अधिक वेळ तिला द्यायला हवा होता. काठीतून जमिनीवर प्रकाशरेषा पाडणारे साधन आता त्यांना वापरून पाहायला दिले आहे.

आणखी एक बाब सर्वांच्याच नजरेतून निसटली. उभ्याने पडून मनगटाचे हाड मोडणे ही हाडे ठिसूळ झाल्याची सूचना असू शकते आणि पार्किन्सनच्या रुग्णांमध्ये हाडांची घनता कमी असण्याचे प्रमाण अधिक असते. घनतेची तपासणी प्लास्टर निघाले तेव्हाच व्हायला हवी होती. ती सहा महिन्यांच्या आढाव्याच्या वेळी झाली, हाडे ठिसूळ आढळली, आणि त्यावरचे उपचार व ड जीवनसत्त्वाची भर तेव्हा सुरू झाली.